काकाच्या टोपलीची गोष्ट

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी माझ्याकडे काकाच्या टोपलीची गोष्ट मागितलीत. "बाबा सांगतो तश्शीच सांग हं," असं बजावलंतही. मी म्हटलं, लिहून पाठवते. तुम्हाला अजून मराठी सरळ वाचता येत नाही, तेव्हा हे बाबाच वाचून दाखवणार, हे मला ठाऊक आहे. म्हणून क्रमाने लिहिते, काही सुटायला नको.

बाबा सांगतो ती गोष्ट अशी. तुमचे आजोबा आणि त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे बाबाचे काका, ज्यांना तुम्ही गावचे आजोबा म्हणता, लहान असताना त्यांच्या वडिलांनी दोघांना देवगडजवळच्या गावातून मुंबईला शिकायला आणलं. वडील गिरणीत होते आणि परळला गावच्या माणसांच्या खोलीत राहत. धाकट्याला मुंबई मानवली नाही. एक दिवस तो शाळेत न जाता भाऊच्या धक्क्यावर गेला, कोकणच्या बोटीत शिरला आणि कुणाला दिसू नये म्हणून मासळीच्या रिकाम्या टोपलीखाली लपून गावी पोचला. अंगाला असा वास मारत होता की बंदरावरची मांजरं रांगेने त्याच्या मागे घरापर्यंत आली. आईने आधी मांजरांना हाकललं आणि मग त्याला झोडलं. तुमचे आजोबा मात्र पळाले नाहीत. ते राहिले, शिकले, सरकारी कचेरीत साहेब झाले. इथे बाबा जरा थांबतो आणि म्हणतो, "आपण पळणारे नाही."

हे शेवटचं वाक्य माझं आहे. मांजरंही माझीच.

तेव्हा आम्ही मुलुंड पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. ऐंशीच्या दशकाचा मध्य. मी जवळच्याच शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि तुमचा बाबा दुसरीत होता. खाली सोसायटीतली मुलं डबा ऐसपैस खेळायला लागली की हा गॅलरीच्या ग्रिलला नाक लावून उभा.

"जा ना खाली."

"नको."

"का रे?"

"ते ओरडतात."

कोपऱ्यावर पाव आणायला पाठवलं तर दुकानदाराचं आपल्याकडे लक्ष जाईल म्हणून हा मुकाट उभा राही. मागून आलेली माणसं पुढे घुसून सामान घेऊन जात आणि हा पावाशिवाय परत येई. वर्गात त्याच्या बाई सांगायच्या, "येतं सगळं त्याला, पण हात वर करत नाही." दुसऱ्यांच्या मुलांना मी रोज उभं राहून बोलायला लावत होते. माझं स्वतःचं मूल पावही मागू शकत नव्हतं.

माझ्या वर्गात मी एक पाहिलं होतं. ज्या मुलांना आपल्या घरची माणसं सांगता येत, आजोबा कुठून आले, आजीने काय सोसलं, ती मुलं फळ्यापाशी आली की जरा ताठ उभी राहत. त्यांच्या पाठीशी कुणीतरी आहे असं वाटे. मी ठरवलं, आपणही हे करायचं. माझ्या माहेरच्या गोष्टी फार सपक होत्या. वडील कारकून, त्यांचे वडील कारकून. सगळ्यात मोठं साहस म्हणजे आजोबा एकदा छत्री कचेरीत विसरले आणि ती दुसऱ्या दिवशी तिथेच सापडली. म्हणून मी तुमच्या आजोबांकडच्या गोष्टी घेतल्या. त्यांच्याकडे समुद्र होता, गिरणी होती, बोट होती.

संध्याकाळी तांदूळ निवडायला बसले की मी त्याला शेजारी बसवून गोष्ट सांगे. मी सगळ्याच गोष्टी नीटनेटक्या करते, तशी ही पण केली. दात काढायला जायचं असलं की एक, परीक्षा असली की दुसरी. पण टोपलीच्या गोष्टीसारखी दुसरी कुठलीच चालली नाही. टोपलीखालचा काका डोळ्यांसमोर आला की तो खदखदा हसे. हसता हसता त्याची भीती सुटे. मी मग आणखी रंग भरला. तुमच्या आजोबांनी मला सांगितलेल्या गोष्टीत मांजरं नव्हती. मी एक घातलं, तो हसला. मग मी रांग लावली.

आणि उपयोग झाला, हेही लिहिलं पाहिजे. एक दिवस पाव घेऊन तो धापा टाकत जिना चढून आला. "आई, एक बाई पुढे घुसत होत्या. मी म्हटलं, ओ, मी आधी आलोय! पळालो नाही मी." मी त्याला उचलून घेतलं.

त्याच वर्षी जूनमध्ये, बाबा तिसरीत गेला तेव्हा, तुमची आत्या आमच्याकडे राहायला आली. ती गावच्या आजोबांची मुलगी. गावात शाळा सातवीपर्यंतच होती आणि हायस्कूल लांब. मुंबईत ज्याची खोली, त्याच्याकडे गावची मुलं शिकायला यायची, ही तेव्हाची रीतच होती. तुमचे आजोबाही असेच शिकले होते, तेव्हा नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. ती आठवीत होती. दोन घट्ट वेण्या, हातात कोकमांची पिशवी आणि डोळ्यांत कसलाही बावरलेपणा नाही. मला त्याचं नवल वाटलं. आल्याच्या आठवड्यातच मी संध्याकाळी बघते तर दळणाचा डबा जागेवर नाही. थोड्या वेळाने ही डोक्यावर पिठाचा डबा घेऊन हजर.

"एकटी गेलीस? गिरणी कशी सापडली तुला?"

"त्यात काय काकी? माझे बाबा तर..."

"आधी तो डबा झाक, पीठ उडतंय," मी म्हटलं. तिचं वाक्य तिथेच राहिलं.

ती घरात असताना टोपलीची गोष्ट मी कधी सांगितली नाही. तेवढं भान मला होतं, आणि तेवढं भान पुरेसं आहे असं मला वाटत होतं. तिची शाळा दुपारची, तुमच्या बाबाची आणि माझी सकाळची. दुपारी घरात आम्ही दोघंच असायचो.

सव्वीस जानेवारीला आमच्या सोसायटीत सत्यनारायणाची पूजा असे आणि संध्याकाळी खाली मांडवात मुलांचे कार्यक्रम. त्या वर्षी तुमचा बाबा आपण होऊन म्हणाला, "आई, मी माइकवर गोष्ट सांगू?" जो मुलगा पाव मागत नव्हता तो माइक मागत होता. कुठली गोष्ट, हे विचारायची गरजच नव्हती. माझ्या मनात एकदा आलं, पुतणी समोर असेल. मी त्याला म्हटलं, "काका म्हणू नकोस. एक मुलगा होता, असं म्हण." त्यावर माझं समाधान झालं. मग कितीतरी दुपारी मी त्याची तयारी करून घेतली. इथे आवाज खाली आण. मांजरांपाशी थांब, लोकांना हसू दे, मग पुढे जा.

त्या संध्याकाळी त्याचे केस विंचरले ते आत्यानेच. शर्टाला झेंडा तिनेच लावला. "घाबरायचं नाय हां. माझ्याकडे बघ आणि बोल," असं सांगून ती पहिल्या रांगेत जाऊन बसली.

तो खरंच तिच्याकडे बघून बोलला. सुरुवात ठरल्याप्रमाणे झाली. एक मुलगा होता. टोपलीपाशी लोक हसायला लागले. मांजरांपाशी मी सांगितलं तसा तो थांबला आणि सगळा मांडव हसला. त्या हसण्याने त्याला काय झालं कोण जाणे, तो एकदम ओरडला, "आणि तो मुलगा म्हणजे माझा काका! ताईचे बाबा! ती बघा, ती बसलीये!"

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. तीही हसत होती. टाळ्याही वाजवल्या तिने. मी मनात म्हटलं, बघ, मुलगी किती समजूतदार आहे, गमतीत घेतलं. तुमच्या बाबाला पहिलं बक्षीस मिळालं, कंपासपेटी. शेजारच्या बाई मला म्हणाल्या, "काय हो, मुलगा नुसता झकास बोलला! कुठे लपवून ठेवला होतात?" मी प्रसादाचा शिरा खात होते. तो मला फार गोड लागला.

दुसऱ्या दिवसापासून खाली तिचं नाव टोपली पडलं.

"ए टोपली, येतेस का खेळायला?"

"टोपली, मागे बघ, मांजर आलं!"

मी गॅलरीतून ऐकत होते. माझ्या वर्गात असं कुणी कुणाला म्हटलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. इथे मी खाली उतरले नाही, कारण त्या मुलांच्या घोळक्यात माझा मुलगा होता. पहिल्यांदाच त्यांच्यातला एक झाला होता. त्याला मुलं खांद्यावर हात टाकून "चल यार" म्हणत होती. मी खाली जाऊन रागावले असते तर तो परत ग्रिलला नाक लावून उभा राहिला असता. मी स्वतःला समजावलं, मुलांचं चिडवणं चार दिवसांचं असतं. आत येऊन मी वाटीतली डाळ निवडायला घेतली.

ती आता दळण आणायला जाताना मला विचारू लागली, "काकी, तुम्ही येता?" मग तेही नाही. शाळेतून आली की पुस्तक घेऊन भिंतीकडे तोंड करून बसे. मी मनात म्हटलं, अभ्यासाला लागली, बरं झालं.

एप्रिलमध्ये परीक्षा संपल्या. एका दुपारी दोघं कॅरम खेळत होती, मी स्वयंपाकघरात होते. ती हरत आली होती आणि पाणी प्यायला उठली.

"हरायला लागलीस की उठतेस," तुमचा बाबा म्हणाला. "पळपुटी. काकावर गेलीस."

"माझे बाबा पळाले नाहीत," ती म्हणाली. "घरी आले."

"टोपलीत बसून!"

"हो, टोपलीत बसून. तू बसून दाखव ना! तुला कोपऱ्यावर पाव आणायला पाठवलं तर काकी गॅलरीत येऊन उभ्या राहतात. आणि मांजरं नव्हती. एक पण मांजर नव्हतं!"

मी हात पुसत बाहेर आले. ती रडत नव्हती, पण तिचा चेहरा लाल झाला होता. मी तिला विचारलं, "तुला ही गोष्ट माहीत होती?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी फारच वेडगळ विचारलं होतं. "काकी, ही आमचीच गोष्ट आहे."

मग तिने सांगितली. तिच्या घरी ती खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, बसून सांगितली जायची, दर होळीला, गाव जमलेला असताना, आणि सांगायचे तिचे बाबाच. त्या गोष्टीत दहा वर्षांचा एक मुलगा होता. त्याला मुंबईत कुणी ओळखत नव्हतं आणि परळहून धक्क्याला कसं जायचं हे कुणी सांगितलेलं नव्हतं. तो समुद्राच्या वासाने धक्क्यापर्यंत गेला. बोटीत त्याला उलट्या झाल्या. खलाशाने टोपली उचलून बघितलं, हसला आणि त्याला भात दिला. देवगडला उतरून तो अंधार पडायच्या आत एकटा डोंगर चढून घरी आला. आईने मारलं, हे त्याही गोष्टीत होतं. पण मारून झाल्यावर वाडीतली माणसं गोळा झाली आणि त्याला बघत राहिली. मुंबईहून एकटा आला! पुढे कितीतरी वर्षं कुणाला परगावी जायची भीती वाटली की लोक म्हणत, अरे, ह्याचा पोर दहा वर्षांचा असताना मुंबईहून एकटा आला, तुला काय झालं?

"मी इथे यायला निघाले तेव्हा आई रडत होती," ती म्हणाली. "बाबा म्हणाले, माझी मुलगी आहे ती, तिला वाट सापडते."

पिठाचा डबा डोक्यावर घेऊन आलेली ती मुलगी मला आठवली, आणि मी मध्येच तोडलेलं तिचं वाक्य. त्याच गोष्टीच्या बळावर ती मुंबईला आली होती. मी ती उलटी करून माझ्या मुलाला दिली होती आणि माइकवर सगळ्या सोसायटीला ऐकवली होती.

मला काहीतरी मोठं बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "अगं, गंमत होती ती."

"हो काकी, गंमतच," ती म्हणाली आणि पांढऱ्या सोंगट्या वेगळ्या, काळ्या वेगळ्या करत डब्यात भरू लागली.

संध्याकाळी मी तुमच्या आजोबांना सांगितलं. ते आधी म्हणाले, "मांजरं कुठली?" मग मी सगळं सांगितलं.

"अगं, आम्ही दोघं निघणार होतो," ते म्हणाले. "तोच मला धक्क्यापर्यंत घेऊन गेला. बोट बघितली आणि मी घाबरलो. मी म्हटलं, तू जा. तो गेला. मी परत आलो ते रस्ता विचारत विचारत, रडत. आता तू त्याला शूर म्हण नाहीतर मला." आणि हसले. त्यांना त्यात लाज वाटत नव्हती. "थांब, मुलाला सांगतो. हसेल तो."

मीच त्यांना थांबवलं. "आत्ता नको. पुढच्या वर्षी त्याची चौथीची स्कॉलरशिप आहे. कुठे जरा धीट झालाय. बाबा घाबरले होते असं कळलं तर परत मागे जाईल. होऊ दे ती परीक्षा." ते म्हणाले, "बघ बाई, तू शिक्षिका." ती परीक्षा झाली. मग सातवीची आली, मग दहावी, मग त्याचा व्हिसा. दर वेळी पुढे काहीतरी असायचंच. आजोबांनी पुन्हा विचारलं नाही, आणि मग ते राहिले नाहीत.

त्याच मे महिन्यात गावचे आजोबा मुलीला सुट्टीसाठी न्यायला आले, खांद्यावर आंब्याची पेटी घेऊन. खाली मुलं ओरडली, "टोपलीवाले काका आले!" ते हसतच वर आले. "वयनी, मुंबैत माझा मोठा नाव झाला हा!" मग त्यांनी मुलीचा चेहरा बघितला आणि पेटी खाली ठेवली.

तिने जेवणाच्या ताटावरच सांगितलं, "बाबा, मी जूनमध्ये परत येणार नाय."

मी खूप बोलले. तिचे मार्क सांगितले, इथल्या शाळेचं सांगितलं, लांबच्या हायस्कुलात चालत जावं लागेल, पावसात खाडी ओलांडावी लागेल, सगळं सांगितलं. तुमचे आजोबा खाली मान घालून भात कालवत होते. गावचे आजोबा माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "वयनी, मी न सांगता गेलंय. ह्या चेडू सांगान जाता." चेडू म्हणजे मुलगी. ते आपल्या लेकीकडे असं बघत होते की त्यांना तिचं कौतुक वाटतंय की वाईट वाटतंय, ते मला समजलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती कपड्यांच्या घड्या घालत असताना मी तिच्याजवळ बसले. "मी मुलांना सांगेन, गं. कुणी हसणार नाही."

"तिकडे पण हसतात, काकी," ती म्हणाली. "पण आधी बाबा हसतात. मग बाकीचे."

मी तिच्या पिशवीत तिचे नवे युनिफॉर्म भरायला गेले. तिने ते काढून पलंगावर ठेवले. तिकडे वेगळा रंग लागतो, म्हणाली.

ठाण्याच्या डेपोतून ते दोघं एस.टी.ने गेले. तुमची आत्या पुढे त्या लांबच्या हायस्कुलातून दहावी झाली, चांगल्या मार्कांनी. पुढे शिकली असती, पण कॉलेज आणखी लांब होतं आणि तिचं लग्न झालं. तुम्ही गावी गेलात तेव्हा तिच्या हातची घावणं खाल्लीत. तिने मला कधी काही सुनावलं नाही. भेटले की विचारते, "काकी, बऱ्या आहात ना?" मला तेच जड जातं.

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी तुमचा बाबा नवी पुस्तकं घेऊन बसला होता. त्याने तिच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघितलं.

"आई, ताई उद्या येणार?"

"नाही. ती गावीच शिकणार आहे आता."

मग, मी शिकवलं होतं तसं, आवाज मोठा ठेवून आणि मान वर करून त्याने विचारलं, "म्हणजे ती पण पळाली?"

तुमच्या आजोबांनी तोंडासमोरचा पेपर खाली घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मी सांगेन म्हणून ते वाट बघत होते.

"नाही," मी म्हटलं. "पळाली नाही."

"मग?"

त्याचा चेहरा किती आनंदी होता. नव्या वर्गात पहिल्याच दिवशी हात वर करायचा, असं तो सकाळपासून घोकत होता.

"दप्तर भरलंस का?" मी म्हटलं. "उद्या शाळा आहे."

तो दप्तर भरायला आत गेला. तुमच्या आजोबांनी पेपर पुन्हा वर धरला. नंतर बराच वेळ मी तिथेच बसले होते, पण त्यांनी पान उलटलेलं मला ऐकू आलं नाही.